कालनिर्णयाच्या चौकटींत आपल्या घरी काय लिहिले जात असे?

आईचे स्वयंपाकघर आवरताना दारामागच्या खिळ्याला एकावर एक अडकवलेली तेरा वर्षांची कालनिर्णये सापडली. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका तिथी-सणांसाठी घेतली जात असली, तरी आईने तिच्यावर सारे घर चालवले. एका चौकटीत 'दूध नाही', दुसरीत 'सिलिंडर लावला', तिसरीत 'धाकट्याला ताप'. आपल्या घरचे अनुभव अवश्य लिहावेत.

—

आमचा रतीब दीड लिटरचा होता. खाड्याच्या दिवशी फुली आणि पाहुणे आले की 'अर्धा जास्त' अशी नोंद असे. महिनाअखेरीस दूधवाले काका स्वतःची वही न उघडता आईचा आकडा मान्य करत, याचा तिला फार अभिमान होता.

—

आमच्याकडे कामाच्या मावशींचे खाडेही लिहीत, पण आजीने त्यांचे पैसे कधी कापले नाहीत.

—

आमच्याकडे एकच सिलिंडर होता. १४.२ किलोचा तो गॅस एरवी चाळीस दिवस पुरे, परंतु दिवाळीच्या फराळात महिनाभरही टिकत नसे; म्हणून सासूबाई नवरात्रापासूनच लावल्याच्या तारखेवर बोट ठेवून पुढचे दिवस मोजू लागत.

—

दर महिन्याला एका तारखेखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका असे. तेराव्या वर्षी मला त्याचा अर्थ कळला आणि तेव्हापासून ठिपके दोन झाले. बाबांनी त्याविषयी कधी विचारले नाही, मात्र त्या दिवसांत पहाटेचे पाणी ते स्वतः भरत. आजही मला त्यांच्याविषयी सर्वांत आधी हेच आठवते.

—

संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ आमच्याकडे लाल पेनाने अधोरेखित असे. नागपूरला चंद्र मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी दिसतो, त्यामुळे तिकडची आत्या उपास सोडून फोन करी, तेव्हा इकडे आईचे मोदक वाफेवरच असत.

—

जुनी पाने आम्ही वह्यांना कव्हर घालण्यासाठी आणि फडताळात अंथरण्यासाठी वापरली. हा धागा वाचून त्यांची हळहळ वाटली.

—

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री शेवटचे वर्ष पुन्हा चाळले. १८ फेब्रुवारीपर्यंत दूध आईच्या अक्षरात आहे, त्यानंतर माझ्या.