सहा नळ, पाच टाक्या: प्रयोगाच्या बिअरला किती, नेहमीच्या बिअरला किती?

टाकीवाला

सातारा किंवा सांगली-मिरजेत मायक्रोब्रुअरी काढायची म्हटलं की पहिला वाद मेन्यूवर होतो. एक बाजू म्हणते इथली स्ट्रॉबेरी, हळद, बेदाणा, गूळ सगळं बिअरमध्ये आणा. दुसरी म्हणते दोन-तीन बिअर नीट करा, बाकी सगळं फॅड. चर्चेपुरता एक संच धरू: ५०० लिटरचं ब्रूहाऊस (बिअरचा काढा शिजवायची भांडी), तेवढ्याच मापाचे पाच फर्मेंटर म्हणजे आंबवायच्या टाक्या, आणि सहा नळ. माझं मत आधीच सांगून टाकतो. पाच नळ कायमच्या बिअरचे, एकच फिरता, म्हणजे बिअर बदलत राहणारा.

हे मत चवीवरून नाही, टाक्यांच्या हिशेबावरून आहे. गव्हाची बिअर साफसफाई धरून दोन आठवड्यांत टाकी मोकळी करते. फळाची बिअर आधी साधी आंबते, मग फळ पडतं, मग ती पुन्हा आंबते आणि निवळायला वेळ घेते. म्हणजे तीन ते साडेतीन आठवडे गेलेच. वर गाळ इतका की ५०० लिटरमधून ४२० हाती आले तरी नशीब.

बिअर आंबवणाऱ्या यीस्टचंही बघा. साध्या बिअरचं यीस्ट टाकीच्या तळाच्या निमुळत्या कोनातून काढून पुढच्या बॅचला वापरता येतं, स्वच्छता असेल तर पाच-सहा पिढ्या आरामात. फळ, मसाला किंवा भरपूर ड्राय हॉपिंग (हॉप्सची कडवट, सुवासिक फुलं न उकळता टाकीत टाकणं) झालेल्या टाकीतलं यीस्ट मात्र ओतूनच द्यावं लागतं. प्रयोगाच्या टाकीला निरोगी यीस्ट पुरवते ती नेहमीचीच बिअर. ती नियमित लागली नाही तर दर वेळी नवं पाकीट फोडा.

साताऱ्यात कंदी पेढ्याच्या दुकानात कुणी 'यंदा नवीन काय' असं विचारत नाही. बिअरचं गिऱ्हाईकही बरंचसं तसंच असतं.

हॉपबहाद्दर

टाकीवाले, हिशेब मांडलात, पण सोयीचा तेवढाच. तुमच्या पाच कायमच्यांत लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) आहे की नाही? असणारच, कारण इथला माणूस बाटलीतल्या लागरवरच वाढलाय. आता तिचे दिवस मोजा. १० ते १२ अंशांवर आंबवण, साखर संपत आली की १६ अंशांवर दोन-तीन दिवस, मग ० ते २ अंशांवर किमान तीन आठवडे. पाच आठवडे टाकी अडली. माझी स्ट्रॉबेरी तुमच्या लागरपेक्षा आधी नळावर येते!

आणि साधी लागर तर चौकातल्या परमिट रूममध्ये मायक्रोब्रुअरीपेक्षा स्वस्त मिळते. तीच प्यायला माणूस दुप्पट पैसे मोजून तुमच्याकडे का येईल? पुण्यात रोज नवा माणूस दारात येतो. सांगलीत दर शनिवारी तेच चेहरे असतात, त्यांना वर्षभर त्याच पाच बिअर दाखवणार का?

सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीचं उदाहरण घ्या. १९७५ मध्ये त्यांनी कॅस्केड हॉप्स वापरून लिबर्टी एल (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत, लवकर आंबणारी बिअर) काढली, तीही एका निमित्तापुरती खास बिअर म्हणून. पुढे तीच नेहमीच्या यादीत गेली. त्यांची स्टीम बिअर म्हणजे भरवशाची मूर्ती, पण २०२३ मध्ये ब्रुअरी बंद पडलीच. जुन्या नावानं तारलं नाही.

सहापैकी तीन नळ फिरते ठेवा. लागर काढून टाका आणि १५-१६ अंशांवर कोल्श पद्धतीची हलकी एल लावा. तीन आठवड्यांत तयार, दिसायला सोनेरी, प्यायला लागरसारखीच कोरडी. दहातल्या नवांना फरक कळणार नाही.

गाळणीताई

नळ तीन की एक हे नंतर ठरवा. इथले प्रयोग नेमके कुठे फसतात ते आधी बघू, कारण दोघांनीही 'फळ टाकलं' असं दोन शब्दांत उरकलंय.

स्ट्रॉबेरी: ५०० लिटरला ६० ते ७५ किलो गर लागतो. त्याहून कमी टाकला तर रंग येतो, वास येत नाही. ताजं फळ चिरडून थेट टाकलं की सालीवरचं रानटी यीस्ट आणि बुरशीही सोबत येते. गर ७०-७५ अंशांवर काही मिनिटं धरून, थंड करून मगच टाकायचा. मुख्य आंबवण संपत आल्यावर टाका. आधी टाकलात तर उसळणाऱ्या गॅसबरोबर सगळा सुवास छतातून जातो. आणि बियांकडे लक्ष ठेवा. खालच्या व्हॉल्व्हच्या बसणीत अडकल्या की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, थेंब थेंब गळत राहतो.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे उरलेली साखर. लिटरमागे ४ ग्रॅम साखर केगात (नळाला जोडायच्या पिंपात) गेली आणि तिथे आंबली, तर सुमारे एक व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका, गॅस वाढतो. अडीच व्हॉल्यूमला बसवलेली बिअर साडेतीनला गेली की नळातून नुसता फेस येतो आणि वेटर ग्लासामागून ग्लास बेसिनमध्ये ओततो. ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, त्यावरून उरलेली साखर कळते) लागोपाठ तीन दिवस जागची हलली नाही तरच भरायचं. त्यात 'शनिवार आलाय, भरा' असं चालत नाही. गुलाबी रंगही तीन-चार आठवड्यांत उतरून फिकट वीटकरी होतो, ऑक्सिजन शिरला असेल तर त्याआधीच.

बेदाणा: तासगावकडचा पिवळा-हिरवा बेदाणा पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून वाळवतात, शिवाय गंधकाची धुरी देतात. ते तेल फेसाचा काळ आहे. कोमट पाण्यात दोनदा धुतल्याशिवाय टाकू नका, नाहीतर बिअरवर फेस अर्धा मिनिटही टिकत नाही.

हळद: सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून प्रत्येकाला ती बिअरमध्ये हवी असते. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते गाळाबरोबर खाली बसतं आणि गॅस्केट (जोडातल्या रबरी चकत्या), होज पिवळे करून ठेवतं. मग टाकी कॉस्टिक सोड्यानं धुताना परतीच्या पाइपातून कुंकवासारखं लाल पाणी येतं. अल्कलीत हळद लाल होते एवढंच ते आहे, पण धुणारा पोरगा घाबरून व्हॉल्व्ह बंद करतो. सिलिकॉनच्या होजातला पिवळेपणा पुढं कित्येक धुण्यांत जात नाही. बिअरला मिळतं काय? मातकट कडवटपणा. माझ्या मते हळदीची बिअर फक्त फोटोसाठी असते.

पाचगणी_पल्प

ताई, स्ट्रॉबेरीचं पटलं, पण एक पुस्ती. फळ डिसेंबर ते एप्रिल. बाजारात न चालणारं बारकं, वाकडं, पण पूर्ण पिकलेलं फळ हंगामाच्या शेवटी स्वस्त असतं, आणि बिअरला आकार कुठे लागतो? देठ काढून उणे १८ अंशांवर गोठवून ठेवा. गोठल्यावर पेशी फुटतात, वितळताना रस आपोआप सुटतो. वितळलं की त्याच दिवशी गरम करा, रात्रभर बादलीत ठेवू नका.

आणि अख्खी टाकी अडवायचीच कशाला? गव्हाची बिअर तयार झाली की त्यातली ४०० लिटर नेहमीसारखी जाऊ द्या, १०० लिटर दोन केगांत काढा आणि प्रयोग तिथेच करा. फसला तर १०० लिटर गेले. नळ सहाच्या सहा भरलेले राहतात.

हॉपबहाद्दर

केगात गर ढवळून दिला की झालं ते सरबत, बिअर नव्हे. फळाची साखर आंबल्याशिवाय चव एकजीव होत नाही, आणि केगात आंबू दिली तर ताईंनी सांगितलेला फेस.

पाचगणी_पल्प

साखरच नको असेल तर साखर नगण्य असलेली वस्तू घ्या. थंड पाण्यात बारा तास भिजवून गाळलेली कॉफी, किंवा कोकमाची सुकी सालं थोड्या उकळत्या पाण्यात भिजवून गाळलेला अर्क. केग २ अंशांवर, आठवड्यात संपवायचा. याला सरबत म्हणायचं असेल तर म्हणा, पण ते नळावर लवकर संपतं हे महत्त्वाचं.

टाकीवाला

हॉपबहाद्दर, सिएरा नेवाडा या अमेरिकी ब्रुअरीची पेल एल १९८० पासून चालू आहे. त्यांनी नंतर केलेले सगळे खेळ तिच्या जिवावर झाले. अँकर बंद पडली म्हणून भरवशाची बिअर वाईट, हा निष्कर्ष कुठून काढलात?

कोल्शचा मुद्दा मात्र घेतो. माझ्या यादीतून लागर काढायची नाही, पण वर्षभर लावायचीही नाही. आषाढातला बेंदूर झाला की दोन टाक्या लागर लावायची. गटारीच्या सुमारास आंबवण उरकते आणि श्रावणात खप बसतो तेव्हा ती २ अंशांवर गप पिकत पडते. त्या महिन्यात टाक्या तशाही रिकाम्याच असतात. गणपती, पितृपक्ष ओलांडून दसऱ्याला लागर नळावर. बाकीचे महिने तुमची कोल्श.

पण प्रयोगाचा खरा धोका तुम्ही कुणीच बोलला नाहीत. सेझॉन या बेल्जियन पद्धतीच्या बिअरचं यीस्ट. त्यातलं बेल सेझॉन हे डायास्टॅटिकस जातीचं आहे. इतर यीस्ट जे डेक्स्ट्रिन (स्टार्चचे उरलेले तुकडे) खाऊ शकत नाही ते हे हळूहळू खातं. एखाद्या गॅस्केटच्या खाचेत राहिलं आणि पुढच्या बॅचमध्ये शिरलं की पंधरा दिवसांत ती बिअर पाणचट आणि गॅसनं टम्म. एका हौशी सेझॉनपायी चार नेहमीच्या बॅच वाया. म्हणून फिरता नळ एकच.

हॉपबहाद्दर

अहो, तुमची 'भरवशाची' गव्हाची बिअर कुठल्या यीस्टवर लावताय? डब्ल्यूबी-०६ हे गव्हाच्या बिअरचं पाकिटातलं यीस्ट असेल तर ते बनवणाराच त्याला डायास्टॅटिकस म्हणून सांगतो. म्हणजे जो दरोडेखोर तुम्ही सेझॉनमध्ये शोधताय, तो दर बॅचला तुमच्याच टाकीतून फिरतोय.

टाकीवाला

मुद्दा बरोबर. म्हणूनच गव्हाची टाकी ठरलेली, तिचे होज आणि गॅस्केट वेगळे, रंगीत पट्टी बांधलेले. धुणं असं: कोमट पाणी, २ टक्के कॉस्टिक ७५-८० अंशांवर अर्धा तास, पाणी, आम्ल, पाणी, शेवटी जंतुनाशक म्हणून पेरॅसिटिक आम्ल १५०-२०० पीपीएम. सँपल व्हॉल्व्ह खोलून धुवायचा, जागेवर नाही. गॅस्केट कडक झालं की बदलायचं, धुवून वाचवायचं नाही. एवढी शिस्त एका जातीच्या यीस्टला पाळता येते, चार जातींना पाळणारे हात इथे आणणार कुठून?

मिरजेचा_माल्ट

सगळे फळात अडकलेत. ज्वारीचं कुणी बोलंना.

मालदांडी ज्वारी दळून थेट मॅशमध्ये (गरम पाण्यात मुरवलेल्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूत) टाकली की फसते. ज्वारीचा स्टार्च फुलायला ७० अंशांच्या आसपास किंवा वर लागतं, मॅश असतो ६५-६७ ला. स्टार्च कच्चाच राहतो, बिअर गढूळ आणि उतारा कमी. शिजवायला वेगळं भांडं घेण्यापेक्षा लाह्या वापरा. लाही म्हणजे आधीच फुललेला स्टार्च. ५०० लिटरला साधारण १०० ते ११० किलो धान्य लागतं, त्यात १८-२० किलो लाह्या चालतात. मात्र त्या बिनमिठाच्या, बिनतेलाच्या पाहिजेत. नागपंचमीच्या सुमारास ताज्या मिळतात, बत्तीस शिराळ्यापासून मिरजेपर्यंत कुठंबी.

दोन अडचणी. लाह्या फुलून एवढी जागा खातात की मॅश टनमध्ये (मॅशच्या भांड्यात) माल्ट आणि पाण्याबरोबर मूठमूठ सोडत ढवळाव्या लागतात, नाहीतर वरच तरंगतात. आणि ज्वारीला सातूसारखं साल नाही, त्यामुळं गाळणी चोंदते. ३-४ किलो भाताचं तूस धुवून मिसळा आणि वर्ट (धान्याचा गोड काढा) सुरुवातीला सावकाश सोडा. घाई केली की थर दाबला जातो आणि मग खालून पाणी मारून तो उचलत बसायचं.

चव साधी, कोरडी, जराशी भाजक्या कण्यासारखी. मला ही प्रयोगाची वाटतच न्हाय. सांगलीत कायमच्या नळावर शोभंल अशी हीच.

गाळणीताई

हे सगळ्यात कामाचं बोललात. फक्त पाणी तपासून घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट बरंच असतं, आणि फिकट धान्याच्या मॅशचा पीएच मग ५.७-५.८ वर अडकतो. आरओचं पाणी मिसळून, कॅल्शियम क्लोराइड आणि थोडं लॅक्टिक आम्ल देऊन ५.२ ते ५.४ वर आणा. नाहीतर सातूच्या सालीचा तुरटपणा उतरतो आणि दोष बिचाऱ्या ज्वारीला लागतो.

टाकीवाल्यांच्या श्रावणाच्या वेळापत्रकाला माझा विरोध आहे. खप बसलेला महिना प्रयोगालाच योग्य. बॅच ओतावी लागली तरी नळ कोरडा पडत नाही, चाखायला आणि दुरुस्त करायला वेळ मिळतो. लागरसाठी दोन टाक्या धरल्यात, तीन उरतात ना? त्यातल्या एकीत करा.

टाकीवाला

तिसऱ्या टाकीत श्रावणात ज्वारी, चालेल. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची एल, मात्र नाही. लिटरला १२ ग्रॅम ड्राय हॉपिंग म्हणजे टाकीला ६ किलो, टाकीतली बरीच बिअर हॉप्सच पिऊन टाकतात. शिवाय हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली डेक्स्ट्रिन फोडतात, आंबवण पुन्हा सुरू होते आणि लोण्याचा वास परत येतो.

हॉपबहाद्दर

तो वास भरायच्या आधी पकडता येतो. दोन बरण्यांत नमुना घ्या, एक ६०-७० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, थंड करा, दोन्हीचा वास घ्या. गरम केलेल्यात बटर पॉपकॉर्न आला तर टाकी १६-१८ अंशांवर आणखी दोन-तीन दिवस सोडा. आयपीएला घाबरायचं कारण नाही, घाई करणाऱ्याला घाबरा.

तीन नळांवरून मी दोनवर येतो, त्याखाली नाही. पण मग एक नियम दोघांनाही लागू. जो केग दहा दिवसांत संपला नाही तो नळावरून उतरवायचा, मग तो तुमचा कायमचा का असेना.

टाकीवाला

दोन कबूल, फिरत्या नळांना ३० लिटरचेच केग लावणार असाल तर. ५० लिटरचा केग सांगलीत मंगळवार-बुधवारी दहा दिवसांचा नियम मोडायला लावतो. आणि दर पंधरवड्याला लाइन (केगापासून नळापर्यंतची नळी) धुताना आत साचलेली बिअर वाया जाते ती वेगळी. सहा नळांची मिळून दर वेळी किती जाते ते एकदा बादलीत मोजा.

गाळणीताई

थंड खोली नळाच्या मागच्याच भिंतीला चिकटवा. लाइन दोन मीटरची झाली की बादली लागणार नाही, तांब्यात मावेल.