इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर पाडतोय, माती आणि मलबा कुठे न्यावा?

रामबागकर: आजोबांचं घर पुढच्या महिन्यात पाडायचंय. भिंती चुन्यातल्या, मागची खोली मात्र १९८४ची, स्लॅबची. पायासाठी पाच फूट खणलं की काळी मातीच निघणार. ठेकेदार म्हणतो, "मलबा रात्री नाल्याकाठी टाकतो, मातीनं प्लिंथ (घराचं जोतं) भरू." मला दोन्ही पटत नाही. कान्ह नदीचं पाणी पावसाळ्यात कुठवर चढतं ते लहानपणापासून बघतोय.

राजेंद्रनगरचा सुपरवायझर: दादा, काळी माती प्लिंथमध्ये अजिबात घालू देऊ नका. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. माझ्या बहिणीच्या घरी हेच केलं होतं, दुसऱ्याच पावसाळ्यात हॉलची फरशी उचलली गेली. प्लिंथला मुरूम घ्या, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं ठोकायचा. वरची फूटभर माती बागेला, शेताला सोन्यासारखी. ती वेगळी ठेवा.

आणि जेसीबी आधी लावू नका! चुन्याचा सांधा हलक्या ठोक्यानं सुटतो, वीट अख्खी हाती येते. सिमेंटचा सांधा वीट फोडूनच सुटतो. आधी दारं-खिडक्या आणि सागवानी तुळया काढा, मग भिंती माणसांकडून वरून खाली उतरवा. फुटक्या विटा गच्चीच्या कोब्याला (गच्चीवरच्या उताराच्या थराला) लागतातच.

उरलेला मलबा देवगुराडियाला. तिथे नगर निगमच्या (महापालिकेच्या) प्लांटमध्ये दळून त्याचे पेव्हर ब्लॉक होतात. २०१६च्या नियमांत काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग सांगितले होते. सक्ती दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांवर मलबा काढणाऱ्यांना होती, पण ढीग तुम्हीही करा. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) तर मलब्यात नकोच, त्यातलं जिप्सम सिमेंटला खातं.

सुदामानगरची मेधा: स्लॅब फोडून त्याची गिट्टी (खडी) नव्या कॉलममध्ये चालेल का?

राजेंद्रनगरचा सुपरवायझर: ताई, आयएस ३८३ या गिट्टी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत आरसीसीला, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटला, एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंत २० टक्के गिट्टी जुन्या काँक्रीटची घ्यायची मुभा आहे, पण ती तपासलेल्या गिट्टीला. घणानं फोडलेल्या तुकड्यांना जुना मसाला चिकटलेला असतो, तो पाणी शोषतो. कॉलमला नकोच. फरशीखालच्या भरावात घाला.

रामबागकर: आभार. ठेकेदाराला नाल्याकाठी टाकायला साफ नकार दिला. हातानं उतरवायला पंधरा दिवस जास्त लागतील म्हणाला. लागू देत. आईला देवघराची चौकट नव्या घरात हवीय, आज तीच आधी काढली.