मदत हवी आहे: ‘सात पर्यायांचा नियम’ बोलणाऱ्या एआय असिस्टंटला लावायचा का?

नमस्कार मंडळी,

टीममध्ये एका मुद्द्यावर घोडं अडलंय. आमच्या ॲपमध्ये मेनू आहे आणि जोडीला बोलून उत्तरं देणारा एआय असिस्टंट. लीडचं म्हणणं, दोन्हीकडे सातपेक्षा जास्त पर्याय नकोत, कारण ‘माणसाच्या डोक्यात सातच गोष्टी राहतात’.

मेनूपुरतं तरी मला हे पटत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या 1956 च्या लेखातला ‘सात, अधिक-उणे दोन’ हा आकडा डिझाइनवाल्यांनी उचलला खरा, पण मेनू पाठ कुठे करायचाय? तो समोर दिसतो, हवं ते ओळखलं की झालं. शिवाय मिलर सुट्या गोष्टी मोजत नाहीत, ‘चंक’, म्हणजे एकत्र बांधलेले गट, मोजतात. दहा आकडी नंबर सलग ऐकला तर जड जातो, तीन-तीन-चार असा तोडून सांगितला की बसतो. आणि स्मरणावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये मांडलं की घोकायला, गट पाडायला वाव नसेल तर मर्यादा चारच्या आसपास येते. मग सातला चिकटून बसायचं कशाला?

माझी खरी अडचण असिस्टंटची आहे. तो ‘ऑर्डर रद्द करणे, पत्ता बदलणे, पैसे परत मागणे...’ असं वाचत सुटतो आणि सहाव्यापर्यंत ऐकणारा पहिला पर्याय विसरलेला असतो. इथे स्मरणाची मर्यादा लागू पडते ना? डेव्हलपर म्हणतो, ‘मॉडेलची कॉन्टेक्स्ट विंडो (ते एका वेळी विचारात घेऊ शकतं तेवढा मजकूर) भलीमोठी आहे, सगळं लक्षात राहतं.’ अहो, मॉडेलच्या राहतं, ऐकणाऱ्याचं काय!

एका दमात किती पर्याय सांगावेत? की सांगूच नयेत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:

मेनूबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे आकड्यापेक्षा गट नीट पाडलेत का ते बघा. (आता कोणीतरी हिकचा नियम काढेलच, म्हणजे पर्याय वाढले की निवडायला लागणारा वेळही वाढतो, पण हळूहळू. पण पर्याय ओळखीचे नसतील, क्रम कळत नसेल, तर माणूस यादी वरून खाली वाचतच जातो, तिथे तो फारसा कामाचा नाही.)

आवाजासाठी मी तीनवर थांबेन, चौथा ‘आणखी ऐकायचे आहेत’. कृती आधी, आकडा नंतर: ‘ऑर्डर रद्द करायची असेल तर दोन म्हणा’. ‘दोन म्हणा’ आधी आलं, तर कशासाठी ते कळेपर्यंत दोन धरून ठेवावा लागतो. नुसतं ‘काय मदत करू?’ विचारून सोडू नका. याला काय काय जमतं हे लोकांना कळत नाही, एक-दोन नमुने द्या.

धागाकर्ता:

आभार! कृती आधी हे डोक्यात आलंच नव्हतं. पण ऐकणारा मध्येच बोलला तर वाचन तिथेच थांबवावं का?