सुट्टीतली टंगळमंगळ: गाणं सांगा, टाळलेलं कामही सांगा

शनिवारी सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडला. ३२ पानांचं मुद्रितशोधन सोमवारी द्यायचं होतं. फाइल उघडण्याआधी मागे काहीतरी हळू आवाजात चालू असावं म्हणून गाणं शोधायला लागले. भानावर आले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. ४७ इंडी, म्हणजे इंडिपेंडंट, गाण्यांची यादी तयार होती, फाइल उघडायची राहिली होती.

तेव्हा म्हटलं, आपल्या जातकुळीचे आणखी असतीलच. लोळत पडायच्या शनिवार-रविवारी तुम्ही काय ऐकता ते लिहा. अट एकच, नुसतं गाण्याचं नाव टाकून पळायचं नाही. ते ऐकताना कुठलं काम टाळत होतात तेही सांगायचं. 'असाच पडलो होतो' चालणार नाही, असंच कुणी पडत नसतं. स्वतःची नावं नकोत. कामाचं नाव आणि थकबाकी लिहा, ओळख पटेल.

माझ्यापासून सुरुवात. किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स, नॉर्वेतल्या बर्गनचे दोघं. त्यांचा २००१चा अल्बम आहे, 'क्वाएट इज द न्यू लाउड'. दोन गिटारी, दोन आवाज, आणि शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय म्हणून बेतानं गावं तसं गाणं. कामाला लागा असं हा अल्बम चुकूनही सुचवत नाही. ऐकताना मी पेन्सिलींना टोकं काढली. मुद्रितशोधन स्क्रीनवर करायचं असतं.

अनुवाद, ११ दिवस उशीर

कोर्टनी बार्नेटचं 'अवाँ गार्डनर', २०१३चं. मेलबर्नची ही बाई गाते म्हणणं जरा धाडसाचंच, ती जवळजवळ बोलते. कंटाळलेल्या सुरात कुणी आपली हकिगत सांगावी तसं. आणि हकिगत तरी काय, तर बाई उशिरा उठते, आता जरा अंगण साफ करू म्हणून बागकामाला लागते आणि तिचा श्वासच कोंडतो. मग रुग्णवाहिका, अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, सगळं आलं. सुट्टीत उगाच उत्साह दाखवला की काय होतं याचा याहून ठोस पुरावा मला नको.

मी ते लागोपाठ सहा वेळा ऐकलं. समोर अनुवादाचा पहिला परिच्छेद होता आणि तिसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला 'तथापि' ठेवावं की 'मात्र', हे ठरत नव्हतं. 'तथापि' टाकलं, खोडलं, 'मात्र' टाकलं, कर्सर तिथेच लुकलुकत राहिला. शेवटी 'पण' लिहिलं. त्याला ११ दिवस लागले.

इस्त्री, एक मोठं गाठोडं

क्रुआंगबिन. टेक्सासचं त्रिकूट आहे, नाव मात्र थाई, अर्थ विमान. साठ-सत्तरच्या दशकातल्या थाई संगीतावर पोसलेले लोक. २०१५चा पहिला अल्बम त्यांनी खेड्यातल्या एका कोठारात ध्वनिमुद्रित केला. शब्द नावापुरते, त्यामुळे डोक्याला काम नाही. बेसमध्ये झोपाळ्याची लय आहे. इस्त्री तापवली, एक शर्ट पसरला, इस्त्री बंद केली. तीनदा.

थकबाकी सांगणार नाही

आधी व्याख्या ठरवा. वर जे चाललंय त्यात कुणीही हळू आवाजात गिटार वाजवली की त्याला इंडी म्हणताय. इंडी हा आवाजाचा प्रकार नव्हता मुळात. ब्रिटनमध्ये १९८० साली इंडी गाण्यांच्या विक्रीचा वेगळा तक्ता सुरू झाला, त्याची कसोटी होती वितरण कोण करतं ही. बड्या कंपन्यांच्या साखळीबाहेरून रेकॉर्ड दुकानात आली तर तक्त्यात जागा, मग आत नाचाचं संगीत असो नाहीतर आरडाओरड. किणकिणत्या गिटारी आणि लाजाळू पोरं ही प्रतिमा नंतरची. १९८६ साली एका ब्रिटिश साप्ताहिकाने 'सी ८६' नावाची कॅसेट काढली, तेव्हापासून ती जास्तच घट्ट चिकटली.

मुद्रितशोधन, ३१ पानं बाकी

मान्य. आता सांगा, हे सगळं लिहायला पाऊण तास लागला असेल, त्या वेळात नक्की काय करायचं होतं?

थकबाकी सांगणार नाही

बाथरूमचा नळ.

प्रबंध, ३ वर्षं रखडलेला

बॉन इव्हेरचा 'फॉर एमा, फॉरएव्हर अगो'. मला त्यातलं 'स्किनी लव्ह' आवडतं. पण मी रविवार घालवला तो त्या अल्बमच्या कथेपायी. बँड मोडलेला, प्रेम मोडलेलं, त्यात आजारपण, अशा अवस्थेत जस्टिन व्हर्नन, म्हणजेच बॉन इव्हेर, २००६च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या झोपडीत जाऊन राहिला आणि काही महिन्यांनी अल्बम घेऊन बाहेर आला. २००७ साली स्वतःच काढला, पुढच्या वर्षी एका स्वतंत्र कंपनीने उचलला.

झालं, मला वाटलं माझ्या प्रबंधाला फक्त अशी झोपडी कमी पडतेय. आठवडाभराची जागा शोधायला बसले. खिडकी कुठल्या दिशेला असावी इथपर्यंत मजल गेली. रात्री त्याच्या मुलाखती वाचल्या तेव्हा कळलं की तो तिथे अल्बम करायला गेलाच नव्हता. एकटं पडून राहावं, एवढाच बेत होता. गाणी नंतर आली.

हे मी मार्गदर्शकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि तुझं नंतर कधी यायचंय?"

विमा अर्ज, मुदत उलटून गेली

माझी बाजू वेगळी आहे, मी टाळत नव्हते, अडकले होते. सहा महिन्यांचं बाळ डाव्या हातावर झोपलेलं. उजवा हात मोकळा, पण अर्ज पलीकडच्या टेबलावर. अशा वेळी तीन मिनिटांचं गाणं कामाचं नाही. ते संपतं, मधे शांतता पडते आणि त्या शांततेत बाळ डोळे उघडतं. त्यावर यो ला टेंगोचं 'नाइट फॉल्स ऑन होबोकन' हा माझा उतारा. २०००च्या अल्बममधलं शेवटचं गाणं, सतरा मिनिटांहून जास्त. सुरुवातीला अगदी हलके सूर आणि पुटपुटणं, मग शब्द थांबतात आणि ड्रम, गिटार आपापल्या नादात रेंगाळत राहतात.

या गाण्याची लांबी मला हाताने कळते. पहिल्या पाच मिनिटांत कोपराखाली मुंग्या येतात, दहाव्या मिनिटाला करंगळी आहे की नाही याची शंका यायला लागते, आणि शेवटाकडे मानेवरचा घामाचा ओला गोल शर्टातून आत झिरपलेला असतो. मग मी अंगठ्याने पुन्हा तेच गाणं लावते. अर्ज टेबलावर दिसत असतो. त्याच्यावर पेनसुद्धा ठेवलेलं असतं.

बाळ आता शाळेत जातं. गाणं अजून ऐकते, आता कुठलीच सबब नाही.

उत्तरपत्रिका, ६४

शिक्षक आहे, निवृत्तीला दोन वर्षं. मुलीने मला बेल अँड सेबॅस्टियन ऐकवलं. ग्लासगोचा बँड. १९९६चा त्यांचा पहिला अल्बम 'टायगरमिल्क' म्हणजे तिथल्या एका कॉलेजच्या संगीत व्यवसायाच्या अभ्यासक्रमातला प्रकल्प. तीन दिवसांत ध्वनिमुद्रण, फक्त हजार प्रती. पुढे मूळ प्रतींसाठी संग्राहकांची झुंबड उडाली.

मला गंमत वाटली ती याची की ६४ मुलांचा अभ्यास तपासायचा सोडून मी एका विद्यार्थ्याचा गृहपाठ ऐकत पडलो होतो. तोही वेळेत दिलेला! आवाज थोडा कच्चा, मांडणी नेटकी, मधूनच वात्रटपणा. अठरा गुण दिले असते वीसपैकी. दोन कापले असते, का ते माहीत नाही, हाताला सवय.

(पहिल्या उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचं राहिलंय. ती कुणाची हे शोधण्यात संध्याकाळ गेली.)

कपाट आवरणं

प्रतीक कुहाडचं 'कोल्ड/मेस' कुणी सुचवणार असाल तर थांबा. २०१८चं आहे, २०१९च्या ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीतही होतं, गाणं उत्तम आहे, पण लोळण्यासाठी साफ कुचकामी. मी कपाटासमोर जमिनीवर बसून ऐकलं. हाताला जुना मफलर लागला आणि मग दिवसभर कपाटही नाही, आळसही नाही.

स्वतःचं गाणं, ४ वर्षं

आयर्न अँड वाइनचा २००२चा पहिला अल्बम. आयर्न अँड वाइन म्हणजे सॅम बीमच, त्याने तो घरी, एकट्याने, चार ट्रॅकच्या यंत्रावर केला. १९७९ साली टॅस्कॅम कंपनीने कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं घरगुती यंत्र आणलं आणि स्टुडिओत न जाता एकावर एक आवाज चढवणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं, त्याच परंपरेतला हा माणूस. त्याचं गाणं ऐकताना आवाजामागची बारीक खरखर कानाला लागते. ती मला सुरांइतकीच आवडते.

माझ्याकडे आज सोळा ट्रॅक, दोन मायक्रोफोन आणि भिंतीला लावायचा फोम आहे. गाणं नाही. म्हणजे एक कडवं आहे. गेल्या रविवारी ठरवून बसलो, तर फ्रिजचा आवाज येत होता. फ्रिज बंद केला तेव्हा घड्याळ ऐकू यायला लागलं, त्याचा सेल काढला. मग अंगावर रजई घेऊन, मायक्रोफोनही आत घेऊन गायलो. चार ओळी झाल्यावर आत इतकं उकडलं की बाहेर आलो. रेकॉर्डिंग ऐकलं तर सगळ्यात स्पष्ट आवाज रजईचा. पुसलं नाही, ठेवलंय.

फ्रिज मात्र सोमवारी सकाळी आठवला.

मुद्रितशोधन, ३१ पानं बाकी

नळवाल्यांनी खासगीत कळवलंय की नळ झाला. त्यांना या धाग्यावर आता बोलायचा अधिकार नाही.

वडिलांच्या कागदपत्रांचा खोका, ५ वर्षं

निक ड्रेकचा 'पिंक मून', १९७२. इंडी की नाही यावर वाद नको, त्याची रेकॉर्ड कंपनी तेव्हा स्वतंत्र होती. १९७१च्या ऑक्टोबरात दोन रात्रींत ध्वनिमुद्रित झालेली अकरा गाणी, नुसता आवाज आणि गिटार. शीर्षकगीतात तेवढी पियानोची छोटी जोड. सगळं मिळून अर्धा तासही नाही.

माझ्याकडे रेकॉर्ड आहे, वडिलांचीच. त्यात एक अडचण आहे. एक बाजू संपली की उठून उलटवावी लागते, आणि खोका रेकॉर्ड प्लेअरच्या शेजारीच ठेवलाय. उठलो तर तो उघडावा लागणार. त्या रविवारी पहिली बाजू संपली तशी सुई शेवटच्या खाचेत शिरली. आमचा प्लेअर जुना, आपोआप थांबत नाही. टक्, खर्रर्र, टक्, खर्रर्र. मिनिटाला ३३ वेळा. मी सतरंजीवर पडून तेच ऐकत राहिलो. ऊन खोक्याच्या झाकणावर आलं, सुतळीच्या गाठीवर आलं, मग भिंतीवर चढलं. गाठ वडिलांनीच मारलेली, दुहेरी.

दुसरी बाजू मी आठ दिवसांनी ऐकली.