लॉकिंग ट्यूनर सगळ्यावर इलाज नाही, आणि ड्रिल तर मुळीच नाही

नटावर_नजर

काल इथे एक सल्ला वाचला: ‘गिटार सुरात राहत नसेल तर आधी ट्यूनर बदला. लॉकिंग (तार चिमटून धरणारे) घ्या, १८:१ घ्या, पंधरा मिनिटांत बसतात. भोक लहान पडलं तर १० मिमीच्या ड्रिलने मोठं करा.’ प्रत्येक वाक्यात चूक आहे. कोणीतरी नवखा हे वाचून चांगल्या हेडस्टॉकची (मानेच्या टोकाच्या फळीची) वाट लावेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

ट्यूनर म्हणजे हेडस्टॉकवरची, तार ताणणारी खुंटी. तिच्या आत वर्म (आट्यांचा दांडा) आणि गिअर (दातेरी चाक) असतात. वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला फिरवू शकत नाही. तार कितीही ओढू दे, पोस्ट, म्हणजे तार गुंडाळायचा दांडा, उलटा फिरणार नाही. तंबोऱ्याची खुंटी लाकडात लाकूड घासून धरते, म्हणून तिला खडू लागतो आणि ती उतरूही शकते. गिटारच्या ट्यूनरचं तसं नाही. दाते झिजून खेळ आला असेल तर सूर नेहमी खालून वर चढवत लावा, तारेचा ताणच तो खेळ खाऊन टाकतो. वरून खाली येऊन थांबलात तर तो खेळ तसाच राहतो आणि पहिल्या बेंडला (तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवताना) बाहेर पडतो.

१८:१ म्हणजे बटणाचे १८ फेरे झाले की पोस्टचा एक. सूर बारकाईने लावता येतो, बस. सूर टिकण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. १४:१ वर लावलेला सूर तितकाच टिकतो.

दोष बहुतेक वेळा नटात असतो, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो ना? ती तार नटात अडकलेली असते. पैसे खर्च करण्याआधी हे तपासा: ट्रेमोलो बार (ब्रिजवरचा, तारा सैल करणारा दांडा) खाली दाबून सोडला आणि तार चढी आली, तर ती नटात अडकली आहे. नट आणि पोस्टच्या मधे बोटाने दाबून सोडा, सूर हलेल. लांब बेंडनंतर उतरली आणि असं दाबल्यावर जागेवर आली, तरीही नटच. उतरली आणि दाबूनही परत आलीच नाही, तर मात्र पोस्टवरचे वेढे सरकताहेत. तेव्हाच ट्यूनरचा विषय काढा.

वॅमी_बार

तो सल्ला माझा होता. ‘प्रत्येक वाक्यात चूक’ हे जरा जास्तच होतंय.

तुमच्या तपासणीतली शेवटची शक्यता तुम्ही एका ओळीत उरकलीत, आणि ट्रेमोलो वापरणाऱ्यांची अर्धी रड नेमकी तीच आहे. प्लेन (वरून तार न गुंडाळलेल्या) तारेला पाच-सहा वेढे, तेही एकमेकांवर चढलेले. प्रत्येक डाइव्हला, म्हणजे बार खाली दाबला की, ते सैल होतात आणि वेगळ्या जागी बसतात. लॉकिंगमध्ये तार सरळ भोकातून ओढून चिमटायची, एक वेढाही पुरा होत नाही. सरकायला काही उरतच नाही. हे खोटं आहे का?

१८:१ बद्दलचं मान्य. मी ‘घ्या’ म्हटलं ते बारीक सूर लावण्यासाठी, पण लिहिलं तसं नव्हतं.

लाकूड_आधी

लॉकिंगवर तुम्ही दोघं भांडा. मला शेवटच्या वाक्यावर बोलायचंय.

व्हिंटेज पद्धतीच्या ट्यूनरचं भोक साधारण ८.५ ते ८.८ मिमी असतं आणि त्यात दाबून बसवलेलं बुशिंग (पोस्टला धरणारी धातूची कडी) असतं. आधुनिक डायकास्ट (ओतीव धातूच्या बंद डब्याच्या) ट्यूनरला, म्हणजे ग्रोव्हर रोटोमॅटिक, शालर एम ६ आणि त्या घराण्यातल्या सगळ्यांना, १० मिमी लागतं आणि वरून आट्याचं बुशिंग येतं. आधी बुशिंग काढा आणि व्हर्नियरने भोक मोजा, पुढून आणि मागून दोन्हीकडे. मॉडेलचं नाव वाचून मागवू नका. दुकानदार ‘सगळ्याला बसतं’ म्हणतो, ते त्याने मोजलेलं नसतं. मग मागचे स्क्रू बघा: क्लूसन, म्हणजे त्याच व्हिंटेज, पद्धतीत स्क्रू एका रांगेत असतात आणि फेंडर हेडस्टॉकवर शेजारचे दोन ट्यूनर मधला स्क्रू वाटून घेतात. डायकास्टला एकच कान, सरळ किंवा तिरका. काहींना स्क्रूच नसतो, मागे दोन पिना असतात आणि त्यांना दोन खड्डे लागतात. म्हणजे जुनी भोकं उघडी पडणार, नवीन पाडावी लागणार.

आणि हे सगळं कशासाठी? ८.५ च्या भोकात बसणारा लॉकिंग ट्यूनर मिळतो. गोतो एसडी ९१ मॅग्नम लॉकमध्ये येतो, जुन्याच जागी बसतो. ड्रिल कपाटातच राहू द्या.

पायरी_ड्रिल

काय ही भीती घालताय! स्टेप ड्रिल (पायरीपायरीने रुंद होणारी) घ्या, मास्किंग टेप लावा, सावकाश फिरवा. दीड मिमीचा प्रश्न आहे, हृदयाचं ऑपरेशन नाही.

लाकूड_आधी

@पायरी_ड्रिल, तुमच्याच हत्याराचं गणित करू. ४ ते १२ मिमीची स्टेप ड्रिल, एकेक पायरी ५ मिमी उंच. हेडस्टॉक साधारण १४ मिमी जाड. पुढून १० ची पायरी ५ मिमी आत जाते. त्यापुढे केसभर दाबलं की १२ ची पायरी दर्शनी पॉलिशमध्ये घुसते. मागून परत ५. मधे ४ मिमीचा कडा ८.७ चाच राहिला. डायकास्ट ट्यूनरची मान त्या कड्यावर अडते, मग माणूस बुशिंग पान्याने आवळून ती ओढून घ्यायला बघतो, आणि पॉलिशला बुशिंगपासून चीर जाते. दुसऱ्याच्या गिटारवर हे सांगताना जबाबदारी वाटायला हवी.

साधी ड्रिल तर आणखी वाईट. आधीच्या भोकात टोकाला धरायला मधे लाकूड नसतं. कडेला दात लागला की ती खेचली जाते आणि पापुद्रा उडतो.

पायरी_ड्रिल

स्टेपमध्ये मधला कडा राहतो, हे बरोबर. मी तो गोल कानशीने काढा म्हणणार होतो. पण ‘जबाबदारी’ वगैरे ऐकून घेणार नाही. मोठं करायचंच असेल तर तुम्ही काय करणार ते सांगा, नुसतं ‘नको’ हे उत्तर नव्हे.

लाकूड_आधी

सांगतो. हाताने फिरवायचा निमुळता रीमर (भोक खरवडून मोठं करणारं हत्यार). अर्धं काम पुढून, अर्धं मागून, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी बुशिंग लावून बघायचं. शेवटचा मधला भाग दांड्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने. सहा भोकांना एक दुपार जाते, जाऊ द्या. ड्रिल प्रेस असेल तर दुसरी रीत: भोकात घट्ट लाकडी डॉवेल (गोल दांडी) ठोकायचा, त्याचा मध्य काढायचा, मागे टाकाऊ लाकूड शिकंज्यात आवळायचं आणि १० ची टोकदार मध्य असलेली लाकडाची ड्रिल सोडायची. आता टोकाला धरायला जागा असते, म्हणून ती भरकटत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, हे परत फिरत नाही. क्लूसन लावलेल्या जुन्या गिब्सन गिटारींची भोकं लोकांनी ग्रोव्हरसाठी मोठी केली. आज संग्राहक त्याच भोकांसाठी किंमत पाडतात. उलट दिशा सोपी: १० च्या भोकात व्हिंटेज ट्यूनर हवा असेल तर बाहेरून १० आणि आतून पाव इंची पोस्टचं कन्व्हर्जन बुशिंग मिळतं.

दमट_हवा

अवांतर, पण स्क्रूबद्दल कोणीच का बोलत नाही? ट्यूनर बदलताना सगळ्यात जास्त नुकसान त्या २ मिमीच्या स्क्रूनेच होतं. मॅपल कडक, स्क्रू मऊ, डोकं हातात येतं. १.५ ची ड्रिल घ्या, खोलीच्या खुणेसाठी तिला टेप गुंडाळा, आरपार गेलात तर पुढून दिसेल. स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावा. साबण नको, तो ओल धरतो आणि कोकण-गोव्याच्या हवेत स्क्रू आतच गंजतो. मग पुढच्या वेळी तुटणारच. तुटलाच तर पोकळ रोल पिनच्या तोंडाला कानशीने दाते पाडा, ती स्क्रूभोवती फिरवून काढा आणि भोक डॉवेलने बुजवा. नुसतं ढिलं झालेलं भोक असेल तर बांबूची काडी आणि फेविकॉल, रात्रभर वाळू द्या.

किनारपट्टीवर निकेलचा मुलामा घेऊ नका, लवकर काळवंडतं. क्रोम घ्या.

वॅमी_बार

निकेल क्रोमवर धागा गेला. माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच.

नटावर_नजर

देतो. ट्रेमोलोवाल्या गिटारला, नट साफ असताना, लॉकिंगचा फायदा खरा आहे. हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. पण फिक्स (ट्रेमोलो नसलेल्या) ब्रिजवर तो फायदा तारा पटकन बदलण्यापुरता, आणि फ्लॉइड रोझ ट्रेमोलोचा नटच तार आवळतो, तिथे लॉकिंग ट्यूनर म्हणजे नुसतं वजन.

तुमचे ‘पाच-सहा वेढे, एकमेकांवर’ हा मात्र ट्यूनरचा दोष नाही. चीर असलेल्या व्हिंटेज पोस्टला तार दोन पोस्ट पुढे मोजून कापायची, म्हणजे साधारण ५ सेंमी. टोक मधल्या भोकात तळापर्यंत घालायचं, काटकोनात वाकवायचं, आणि वेढे वरून खाली, शेजारी शेजारी. जाड तारांना दोन-तीन, प्लेन तारांना थोडे जास्त. पातळ ई तारेपुढे पोस्टच नाही, तिथे पट्टीने मोजा. नीट ताणून बसवली की हीसुद्धा डाइव्ह सहन करते.

नट (मापं इंचात): .०१० च्या तारेला खाच .०१२ ते .०१३ ची, .०४६ ला .०५० च्या आसपास. खाच तारेच्या दिशेने हेडस्टॉककडे उतरती हवी. आधी खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासून बघा. त्याने फरक पडला तर निदान पक्कं, मग कानस.

वॅमी_बार

शिसं घासलं की चढा सूर थांबतो का, ते बघतो. तरीही उतरला तर एसडी ९१ मॅग्नम लॉक मागवतो, भोक मोजून. ड्रिलचं वाक्य मी मागे घेतो. बाकीचं नाही.

@लाकूड_आधी, नवीन बुशिंग हातोडीने ठोकायचं का?

लाकूड_आधी

हातोडी नको. जुनं काढताना बुशिंगवर सोल्डरिंग आयर्न काही सेकंद टेकवा, म्हणजे कडेचं लॅकर सुटतं आणि पापुद्रा निघत नाही. मग मागून लाकडी दांड्याने हलकेच ढकला. नवीन बसवताना सी क्लॅम्प, दोन्ही जबड्यांना लाकडाचे तुकडे, आणि सरळ दाबत न्या. तिरकं जायला लागलं तर थांबा, काढा, परत सुरू करा. ढिलं बसलं तर आत पातळ कागदाचा एक वेढा पुरतो. सहाही ट्यूनर ठेवल्यावर मागून स्टीलची पट्टी लावून ओळ बघा, आणि मगच पहिला स्क्रू फिरवा.