प्रतिसाद: पीक गेल्यावर उपकारस्तुती कशाची?

दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे. सोयाबीन पाण्यात गेलं आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र ‘उपकारस्तुती करा, देवाचे आभार माना’ असं ऐकावं लागलं, तर डोकं फिरणारच.

पण बायबलमधल्या १ थेस्सलनीकाकरांस या पत्रात (५:१८) प्रेषित पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करा म्हणतो. नुकसानीबद्दल आभार माना, असं तिथे नाही. (त्याच्याच इफिसकरांस पत्रात, ५:२० मध्ये, ‘सर्व गोष्टींबद्दल’ असं आहे, तिथे मीही अडखळतो.)

आम्ही जालन्याकडचे. २०१२-१३ च्या दुष्काळात काकांची मोसंबीची बाग वाळली. टँकर लावून पाहिले, शेवटी झाडं तोडून सरपण केलं. त्या साली सुगीच्या उपासनेला दरवर्षीसारखी टोपलीभर मोसंबी नव्हती. काकूंनी वेदीपुढे शेरभर ज्वारी ठेवली, तीही विकतची. चर्चच्या पाळकांनी बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचला: अंजीर फुलला नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. गोठ्याचं नाव निघालं तेव्हा काका मान खाली घालून रडले. बैल आधीच विकले होते ना. नंतर गाणं सुरू झालं तेव्हा तेही गायले, बेसूर.

ते नाटक नव्हतं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तर देवाकडे केलेल्या तक्रारी भरपूर आहेत, १३ वं स्तोत्र ‘किती काळ?’ अशीच सुरुवात करतं आणि गाण्यावर संपतं. म्हणून आधी भांडा देवाशी, खुशाल. आणि पंचनामा झाला का तुमचा? तो आधी करून घ्या.