हॅवलॉकला स्कूटरशिवाय, सरकारी बोट आणि बसने फिरता येईल का?

समुद्रवेडी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, आई (वय 71) आणि बारा वर्षांची भाची अशा तिघी अंदमानला निघालोय. विमानाची तिकिटं काढून झाली. पोर्ट ब्लेअरला दोन रात्री, हॅवलॉक बेटावर तीन, मग परत पोर्ट ब्लेअरला एक. आईला सेल्युलर जेल बघायचंय, भाचीला राधानगरचा किनारा, आणि मला दोघींच्या मागे पळायचंय.

अडलंय ते हॅवलॉकपाशी. ज्याला विचारावं तो म्हणतो, स्कूटर भाड्याने घ्या. मला दुचाकी येत नाही. आली असती तरी तिघींना एका स्कूटरवर कसं बसवणार? आईला रिक्षावाल्याशी घासाघीस करायला आवडत नाही आणि गप्प बसून जास्त पैसे द्यायलाही आवडत नाही. तिथे सरकारी बस आहे असं ऐकलं. खरंच आहे का? धक्क्यावरून मिळते का? राधानगरला सूर्यास्त बघून परत येता येतं का? आणि सरकारी बोटीचं तिकीट आपल्यासारख्यांना मिळतं का, की खाजगीच घ्यावी लागते?

सॅकवाला

पूर्ण दिवसाची टॅक्सी करा आणि मोकळ्या व्हा. बसची वाट बघत उभं राहायला सुट्टी घेतलीय का? मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा स्कूटर घेतली, बसकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

निवृत्त_वाहक

ताई, मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. गेल्या फेब्रुवारीत सौ.ला घेऊन अंदमानला जाऊन आलो. दुसऱ्याची बस दिसली की मला चढल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळे हॅवलॉकला चार दिवसांत एकदाच रिक्षा केली. तीही का करावी लागली ते पुढे सांगतो, हसू नका.

बस आहे. बेटाचा रस्ता डोक्यात बसला की बाकी सगळं सोपं. बोट लागते तो धक्का म्हणजे एक नंबर. तिथून किनाऱ्याकडेने दोनेक किलोमीटरवर तीन नंबर, म्हणजे गोविंदनगर. मुख्य बाजार तिथे, भाजी तिथे, बँक तिथे. या बाजारातच फाटा फुटतो. एक रस्ता आत डोंगरातून बेटाच्या पश्चिमेला राधानगरला जातो, तो सात नंबर. दुसरा किनारा धरून पाच नंबरवरून, म्हणजे विजयनगरवरून, काळापत्थरच्या किनाऱ्याला जातो. झालं बेट. तिथे लोक नावापेक्षा नंबरच बोलतात. तुम्ही 'विजयनगर' म्हणालात तर माणूस क्षणभर थांबतो, 'पाच नंबर' म्हणालात की हात करून दाखवतो.

यावरूनच खोली कुठे घ्यायची ते ठरवा. स्कूटरवाल्याला कुठेही राहिलं तरी चालतं, बसवाल्याला फाट्याजवळच राहावं लागतं. आम्ही तीन नंबरला राहिलो. खोलीतून समुद्र दिसत नव्हता म्हणून सौ. पहिले दोन तास रुसल्या होत्या. पण कुठलीही गाडी कुठेही निघाली तरी आमच्या दारावरून जायची. राधानगर तिथून दहा-बारा किलोमीटर, मध्ये जंगल आणि चढउतार. वयस्कर माणसाला ते चालत नेण्याचं अंतर नाही.

गाड्या दिवसाकाठी मोजक्याच असतात. वेळा मी इथे लिहीत नाही. वेळापत्रक बदलतं आणि मग जुन्या वेळा वाचून लोक वाहकाशी भांडतात, हे मी आयुष्यभर ऐकलंय. बोटीतून उतरलात की तिथल्याच गाडीच्या वाहकाला विचारा आणि कागदावर लिहून घ्या. बोट आली की प्रवासी असतात, म्हणून धक्क्यावर गाडी मिळण्याची शक्यता चांगली. पण बोटीतून उतरल्यावर फोटो काढत बसू नका. आधी गाडीत पिशवी टाकून जागा धरा, समुद्र कुठे जात नाही.

आता माझी फजिती. दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारच्या गाडीने राधानगरला गेलो. किनारा काय वर्णावा! पांढरी वाळू, मागे महुआची झाडं अशी की तीन माणसांच्या कवेत एक मावणार नाही. सूर्य खाली गेला, सौ.नी हात जोडले, आम्ही आरामात पाय धुतले आणि थांब्यावर आलो. गाडी नाही. शेवटची निघून गेली होती. एकतीस वर्षं मी लोकांना ओरडून सांगितलं, 'ही शेवटची हो, मागून नाही!' आणि उतरताना मीच वाहकाला विचारायचं विसरलो. अंधार पटकन पडतो तिकडे. शेवटी एक रिक्षा मिळाली, त्याने मागितले तेवढे मुकाट्याने दिले. सौ. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो, राधानगरला उतरताना पहिला प्रश्न, 'परत शेवटची कितीला?' ती सूर्यास्ताआधीची असेल तर परतीची रिक्षा दुपारीच ठरवून ठेवा. आईंना घासाघीस नको ना? मग जाताना बस आणि येताना रिक्षा असा हिशोब धरा, एकाच बाजूचे पैसे जातात. आणि सूर्यास्त आपल्याकडच्यासारखा साडेसहाला नसतो. बेटं पार पूर्वेला आणि घड्याळ आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य गेला समजा. दुपारी जेवून, वामकुक्षी काढून निघालात तर नुसती लाली मिळेल.

काळापत्थरचा सूर्योदय मात्र बसच्या भरवशावर बघायला जाऊ नका. तिथे दिवसाउजेडी गेलं तरी निळं पाणी तेच असतं. एलिफंट बीचला रस्ता नाही. एकतर धक्क्यावरून बोट, नाहीतर राधानगरच्या रस्त्यावर मध्येच उतरून जंगलातून पाऊण तासाची पायवाट. पाऊस झाला असेल तर तिथे चिखलच चिखल. आईंना पायवाट नको.

सुट्टे पैसे न्या. दहा-वीसच्या नोटा, नाणी, सगळं. बसचं तिकीट इतकं थोडं आहे की पाचशेची नोट काढली तर तिथला वाहक तुमच्याकडे जसं बघेल, तसंच मीही बघायचो. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच नेलेली बरी, बेटावरच्या एटीएमच्या जिवावर राहू नका.

अबर्डीनची

काकांनी बसचं सगळं नीट सांगितलंय. मी यजमानांच्या नोकरीमुळे चार वर्षं पोर्ट ब्लेअरला आहे, म्हणून बोटीबद्दल लिहिते.

आधी नावं. हॅवलॉकचं 2018 मध्ये स्वराजद्वीप झालं, शेजारच्या नील बेटाचं शहीदद्वीप, आणि 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम. तिकिटावर नवं नाव असतं, तोंडी सगळे जुनं बोलतात. गोंधळू नका.

सरकारी बोट फिनिक्स बे धक्क्यावरून सुटते. मोठ्या खाजगी कॅटामरान, म्हणजे वेगवान बोटी, हॅडोवरून. हे दोन वेगळे धक्के आहेत, आणि दर मोसमात कोणीतरी बॅगा घेऊन चुकीच्या फाटकाशी उभं असतं. माझे सख्खे दीर उभे होते. तिकिटावरचं धक्क्याचं नाव आदल्या रात्री वाचा आणि मूळ ओळखपत्र हाताशी ठेवा.

सरकारी तिकीट पर्यटकांना मिळतं, ऑनलाइन आणि खिडकीवरही. पण ते फार आधी सुटत नाही, आणि बेटवासीयांना प्राधान्य असतं. ते मला अगदी बरोबर वाटतं. आपण किनारा बघायला जातो, त्यांना दवाखान्यात किंवा कचेरीत जायचं असतं. त्यामुळे माझं मत असं: जाताना खाजगी बोट आधीच ठरवा, म्हणजे खोलीचं गणित बिघडत नाही. येताना सरकारी बघा. खाजगीला दीड तास लागतो, सरकारीला दोन-अडीच, आणि पैशात पुष्कळ फरक. शिवाय सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. बंद काचेच्या एसी डब्यात बसून समुद्र ओलांडायचा तर इथवर आलात कशाला?

परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरला एक रात्र ठेवलीत ते उत्तम केलंत. ती कोणाच्या सांगण्यावरून काढू नका. 2016 मध्ये याच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात वादळ उठलं, बोटी बंद झाल्या आणि सुमारे 1,400 पर्यटक हॅवलॉक-नीलवर अडकले. नौदलाच्या जहाजांनी त्यांना आणलं. दरवर्षी असं होत नाही, पण एखाद-दुसरी फेरी रद्द होणं नवलाचं नाही.

पोर्ट ब्लेअरात अबर्डीन बाजारात राहा. मोहनपुरा बसस्थानक तिथेच आहे, चिडियाटापू आणि वंडूर या किनाऱ्यांकडे जाणाऱ्या सरकारी बस तिथून सुटतात. सेल्युलर जेल बाजारातून चालत जाण्यासारखं आहे, फक्त वाटेत चढ आहे, आई थांबत थांबत येतील.

मीठपाणी

बोट लागण्याबद्दल कोणी बोललं नाही. मी एकदा चेन्नईहून जहाजाने गेलो, जवळजवळ तीन दिवस, आणि पहिला दिवस बंकवर आडवा पडून छत मोजत काढला. हॅवलॉकची बोट त्यापुढे काहीच नाही, तरी आईंना डॉक्टरांना विचारून गोळी आधीच द्या, मळमळायला लागल्यावर उपयोग नसतो. जागा मधली, खालच्या मजल्यावरची मागा. नाश्ता अगदीच उपाशी नको आणि तळलेलाही नको.

सॅकवाला

काकांचं वाचून मान्य करतो, बसने बेट जास्त कळतं. पण तीनच दिवस आहेत हो. अर्धा दिवस थांब्यावर जाणार.

निवृत्त_वाहक

सॅकवालेराव, थांब्यावर गेलेला वेळ वाया जात नाही. काळापत्थरच्या गाडीची वाट बघताना शेजारी एक आजी मासळीची पाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांचं बंगाली, माझं मोडकं हिंदी. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांना सरकारने इथे जमिनी दिल्या, त्यातलंच त्यांचं घर. गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर ही कान्ह्याची नावं या बेटावर, आणि नीलवर सगळी रामायणाची, भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. हे त्यांनीच लक्षात आणून दिलं. टॅक्सीवाल्याने मला फक्त 'सेल्फी पॉइंट' सांगितला असता.

समुद्रवेडी

सगळ्यांचे आभार. तीन नंबरला खोली घेतली, जातानाची खाजगी बोट ठरवली, येतानाची सरकारी बघते. आईला धागा वाचून दाखवला. काकांच्या फजितीवर ती एवढी हसली की भाचीला पाणी आणावं लागलं. आता तिची एकच शंका आहे, गुडघे दुखतात, बसची पायरी किती उंच असते?

निवृत्त_वाहक

उंचच असते, आपल्या लाल गाडीसारखी. आईंना सगळे चढेपर्यंत थांबू द्या, मग दाराचा दांडा धरून सावकाश चढवा, पिशवी तुमच्या हातात. दाराजवळची सीट मागा, खिडकी भाचीला. आणि आईंना सांगा, वाहकाला आधीच म्हणायचं, 'गुडघ्याचं दुखणं आहे, उतरताना जरा वेळ लागेल.' मग तो घंटी मारायची घाई करत नाही. मी तरी कधी केली नाही.